मशीनवर निघून जाईल

आर्डिस वोबोर्निकच्या घरात जेवणाचं टेबल नाही. एकेकाळी होतं. बावीस वर्षांपूर्वी तिने ते पुतण्याला देऊन टाकलं आणि त्या जागी बारा फुटी लोखंडी चौकटीचं शिलाई मशीन आणून बसवलं. तेव्हापासून ती आणि तिचा नवरा लव्हर्न स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उंच स्टुलांवर बसून जेवतात. नवीन कोणी पाहुणा आला की लव्हर्न सांगतो, "जेवणघरात आम्ही पोटभाडेकरू ठेवलाय. खात नाही, पितो फक्त तेल."

मी समोरच्या घरात राहते. एकतीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपनीत होते. शाळांची सभागृहं, तंबू, एकदा तर गुरांच्या लिलावाचं आवार, नेब्रास्कातल्या आणि कॅन्ससमधल्या जेवढ्या म्हणून जागी चार फळ्या आडव्या टाकता येतात तेवढ्या सगळ्या जागी मी रडले, हसले आणि मेले. गुडघे गेले तेव्हा दौरा ज्या गावात होता तिथेच मी राहिले. रंगमंच सुटला, पण बघायची सवय सुटली नाही. माझ्या खिडकीतून आर्डिसची खिडकी दिसते. तिथे रोज सकाळी आठला दिवा लागतो, एक उंच बाई दोन मुठी धरून मशीनचं डोकं कापडावरून फिरवायला लागते आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज रस्ता ओलांडून माझ्या कॉफीपर्यंत येतो.

काम असं आहे. आमच्या काउंटीतल्या बायका घरोघरी लाल, पांढरे, निळे तुकडे जोडून गोधडीचा वरचा थर तयार करतात. तो आर्डिसकडे येतो. खाली अस्तर, मध्ये कापसाची लादी, वर हा थर, असे तिन्ही रुळांवर ताणून आर्डिस त्यांच्यावर वेलबुट्टीची टीप घालते. मग गोधडी मार्लिस टिमरमनकडे जाते आणि मार्लिस कडेने पट्टी शिवून ती पुरी करते. पुरी झालेली गोधडी कुठल्या तरी माजी सैनिकाच्या खांद्यांवर जाते. कोणी काही घेत नाही, कोणी काही मागत नाही. आर्डिसने आजवर अशा चारशे बारा गोधड्यांवर टीप घातली आहे. हा आकडा मला ठाऊक आहे, कारण ती प्रत्येक गोधडीच्या अस्तराची एक चिंधी भिंतीवरच्या खिळ्याला टोचते. तो खिळा आता दिसतसुद्धा नाही.

तुकडे जोडणाऱ्या बायकांचं एक वाक्य आहे. काठ लांब झाला, कोपरा जुळला नाही, मध्येच फुगवटा आला की त्या म्हणतात, "असू दे, मशीनवर निघून जाईल." म्हणजे आर्डिस काढेल. चूक त्यांची, मशीन हिचं. बर्फात मोटार रुतावी तसा एखादा काठ झोलात रुतलेला असतो, आणि सोबत चिठ्ठी असते, मशीनवर निघून जाईल ना?

आर्डिस चिठ्ठी वाचते, कोणाची आहे ते ओळखते आणि मोठ्याने त्या बाईची हजेरी घेते. तिला सवय आहे. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. गावातल्या तिशी-चाळिशीतल्या प्रत्येकाने तिच्या हातचं खाल्लं आहे आणि ताटात गाजरं टाकली म्हणून बोलणीही खाल्ली आहेत. हजेरी घेऊन झाली की मात्र ती वाफेची इस्त्री काढते, जाड कापूस निवडते, बोटाबोटाने झोल सरकवत नेते आणि तो टिपेखाली असा जिरवते की शिवणारीलाही सापडू नये. ती काठ उसवून सरळ करत नाही. तिचा एक नियम आहे, दुसरीच्या टाक्यांना हात लावायचा नाही. "तिने रात्री बसून घातलेत ते," ती म्हणते. "मी कोण काढणारी?"

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ऑगस्टमध्ये आर्डिसकडून एक चूक झाली. एका गोधडीच्या अस्तराला खालून घडी पडली आणि ती घडी तशीच शिवली गेली. अशा लांब हाताच्या, म्हणजे लाँगआर्म, मशीनवर काम करणाऱ्याला खालची बाजू दिसत नाही, हाताने चाचपूनच समजते. पट्टी लावताना मार्लिसला ती घडी सापडली. आर्डिसने गोधडी परत नेली, दोन दिवस बसून उसवली, पुन्हा टीप घातली. कोणाला कळलंही नसतं. पण मार्लिसला कळलं होतं आणि मार्लिस गटाची प्रमुख आहे. तीस वर्षं पोस्टात काम केलेली बाई. चुकलेला पत्ता तिच्या नजरेतून सुटत नाही.

ती आर्डिसकडे आली तेव्हा मी तिथेच होते. तिने आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग माझ्या गुडघ्यांबद्दल. मग म्हणाली, "आर्डिस, तू पुष्कळ केलंस. आता थोडं हलकं घे."

मी मनात म्हटलं, गेली. नाटक कंपनीत थोडं हलकं घे म्हणाले की पुढच्या महिन्यात तुमचे कपडे दुसरीला बसतात का ते बघायला शिंपी येतो.

मार्लिस सांगत होती की शेजारच्या गावातल्या एका बाईने कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं आहे. नक्षी आधीच भरलेली असते, एक टाका इकडचा तिकडे होत नाही.

"मग ती बाई काय करते?" आर्डिसने विचारलं.

"बटण दाबते."

"म्हणजे ती घरी नसली तरी चालेल."

मार्लिस हसली, पण बोलायचं ते बोललीच. हिवाळ्यासाठी तीस थर तयार होत होते. ते कोणाकडे द्यायचे हे नोव्हेंबरमध्ये ठरवू. त्याआधी डेलबर्टची गोधडी आहे, ती तू कर. बघू कशी होते.

मार्लिस गेल्यावर आर्डिसने अर्धा तास मशीनला तेल घातलं. तिचं वय तेव्हा एकोणऐंशी होतं. मुलंबाळं नाहीत, चर्चच्या पत्त्यांच्या डावात रस नाही, टीव्ही बघताना तिला झोप लागते. ते तीस थर म्हणजे तिचा अख्खा हिवाळा होता. ते गेले की बारा फुटी चौकटीवर चादर टाकून ठेवायची आणि स्टुलावर बसून जेवायचं, एवढंच उरणार होतं.

"जमेल," ती शेवटी म्हणाली. मला नव्हे, मशीनला.

डेलबर्ट रिहा गावाच्या टोकाला राहतो आणि लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. व्हिएतनामच्या वेळी सरकारी पत्र येऊन तो भरती झाला होता. सलग तीन वर्षं गटाने त्याला गोधडी देऊ केली होती आणि तिन्ही वर्षं त्याने नाही म्हटलं होतं. मी लढलोच नाही, असं त्याचं म्हणणं. बंदराजवळच्या छावणीत कपडे धुण्याच्या तुकडीत होतो, अकरा महिने चादरी धुतल्या. कान गेले तेही तोफेने नव्हे, जनरेटरने. गोधडी द्यायचीच तर ज्यांनी काही केलंय त्यांना द्या.

चौथ्या वर्षी आर्डिस स्वतः गेली. सोबत बिघडलेलं यंत्र नव्हतं, त्यामुळे त्याला पळ काढायला कारण मिळालं नाही. त्याने पुन्हा चादरींचं सांगितलं. आर्डिस म्हणाली, "तू चादरी धुतल्यास, मी चादरी शिवते. मग एकाच खात्यातले आपण. खात्यातल्या माणसाला नाही म्हणायचं असेल तर कारण बदलून सांग." त्याला दुसरं कारण सापडेना. अशी ती गोधडी ठरली.

तिचा वरचा थर ओपल टियाडेनने केला होता. ओपल एक्क्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात राहते, उजव्या डोळ्याने फक्त रंग दिसतात. तारे तिने सुरेख जोडले होते. काठ मात्र नाचणारीच्या घागऱ्यासारखा झाला होता, चारही बाजूंनी नुसत्या लाटा. चिठ्ठी होतीच.

"हिला काही बोलत नाही मी," आर्डिस म्हणाली. "एक्क्याण्णव वर्षांच्या बाईचा काठ मशीनवर निघतोच."

सोमवारी तिने गोधडी रुळांवर चढवली. मी खिडकीतून बघत होते. ती वाकून वाकून चिकटपट्टीने कापसावरचे धागे टिपत होती, कारण पांढऱ्या कापडाखाली एक काळा धागा राहिला तरी तो जन्मभर दिसतो. मग ती पलीकडच्या बाजूला गेली, गिरवण्यासाठी नक्षीच्या कागदावर मशीनच्या लाल दिव्याचा ठिपका धरला आणि गारा पडू लागल्या. दुपारी चारला थांबल्या. मी पलीकडे गेले तर गोधडी उतरवून झाली होती. मोठमोठी पानं, लांब वळणं, तळहात मावेल एवढी मोकळी जागा मध्ये ठेवलेली. ओपलच्या लाटा कुठे गेल्या ते कळत नव्हतं. एका खालच्या कोपऱ्याला थोडा फुगवटा होता, बस.

"ओपलची सही आहे ती," आर्डिस म्हणाली. "राहू दे."

मार्लिस येऊन गोधडी घेऊन गेली. तिने तिथेच दोन्ही बाजू उलटून बघितल्या, अस्तरावरून हात फिरवला, आणि काही बोलली नाही. मार्लिसच्या बाबतीत याचा अर्थ शाबासकी.

संध्याकाळी लव्हर्नने मला फोन केला. आर्डिसच्या उजव्या कानातलं ऐकायचं यंत्र सापडत नव्हतं.

मशीन चालू करण्याआधी ती दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिडकीतल्या बशीत ठेवते. बशीत आता एकच होतं. तिला आठवत होतं ते इतकंच, की त्या सकाळी लव्हर्न सुपाबद्दल काहीतरी विचारायला मध्येच आला होता, तिने डावं काढलं होतं, उजव्या कानाला हात लावला तर तिथे काही नव्हतं, म्हणजे आधीच काढलं असणार असं समजून ती कामाला लागली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी घर उलथंपालथं केलं. लव्हर्नने व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. त्यात तीन टाचण्या, एक बटण आणि त्याचा जुना दात निघाला. दात बघून तो इतका खूश झाला की यंत्र शोधायचं विसरला. "रविवारीच नवीन बॅटऱ्या घातल्या होत्या मी," आर्डिस पुन्हा पुन्हा म्हणत होती. यंत्रापेक्षा तिला दुसरीच काळजी होती. मार्लिसला हे कळता कामा नये. ऑगस्टात घडी, नोव्हेंबरात कान. पोस्टातली बाई दोन्ही टिपणं शेजारी शेजारी ठेवणार. आर्डिसने केस उजवीकडून पुढे घेतले आणि मी शब्द दिला की माझ्या तोंडून काही बाहेर पडणार नाही.

बुधवारी मार्लिसचाच फोन आला. ती पट्टी लावत बसली होती आणि तिचा कुत्रा दोन दिवस गोधडीजवळ बसून गुरगुरत होता. गोधडीला तुझ्या मांजराचे केस लागलेत, असं तिचं म्हणणं.

"माझ्याकडे मांजर नाही," आर्डिस म्हणाली.

"मग तो गुरगुरतो का?"

"तुझा कुत्रा आहे. त्याला विचार."

फोन ठेवून आर्डिस हसली, आणि आम्ही दोघी ते विसरून गेलो. आता वाटतं, त्या घरात शहाणं एकटं ते कुत्रंच होतं.

शनिवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बंब बाहेर रस्त्यावर उभे केले होते, आत खुर्च्या मांडल्या होत्या. लांब टेबलावर हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि खसखशीचे, जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव. सहा जणांना गोधड्या द्यायच्या होत्या. नावं वाचायचं काम माझ्याकडे असतं, कारण मला माइक लागत नाही. एकेकाचं नाव, तुकडी, वर्षं वाचायची. तो माणूस पुढे येतो. शिवणाऱ्या दोघी त्याच्या खांद्यांवर गोधडी पांघरतात. मग सगळा हॉल एका आवाजात म्हणतो, "घरी आलास, बरं झालं." एवढंच असतं. त्या वयाच्या पुरुषांना ते वाक्य तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं. व्हिएतनामची लढाई लोकांना नको होती, म्हणून विमानतळावरून ते मागच्या दाराने निघून आले होते आणि सोमवारी कामावर गेले होते. म्हणून आम्ही आता म्हणतो.

डेलबर्ट शेवटचा होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तशी कडक इस्त्री, खरं सांगते, मी कंपनीत असतानाही बघितली नव्हती. मी वाचलं, "डेलबर्ट रिहा. कपडे धुण्याची तुकडी. अकरा महिने." तो पुढे आला. आर्डिस आणि मार्लिसने गोधडी उलगडली, खांद्यांवर टाकली, पुढून घट्ट ओढून घेतली.

गोधडी शिट्टी वाजवू लागली.

बारीक, लांब, एकसारखी शिट्टी. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना ती ओळखीची असते. कानातलं यंत्र कशाखाली दाबलं गेलं की असंच किंचाळतं. सगळ्यांनी डेलबर्टच्या कानांकडे बघितलं. त्याने दोन्ही कानांना हात लावले. शिट्टी चालूच. तो लालबुंद झाला, पुटपुटला, "माफ करा, माझंच असेल," आणि दोन्ही यंत्रं काढून शर्टाच्या खिशात टाकली. ती टाकताना गोधडी पुढून सुटली, सैल झाली, आणि शिट्टी थांबली. लोकांना हायसं वाटलं. मार्लिस आर्डिसच्या कानाशी वाकून म्हणाली, "बॅटरी असेल त्याची."

मी आर्डिसकडे बघत होते. तिचा हात उजव्या कानाकडे गेला होता, केसांच्या आत, जिथे काही नव्हतं. तिला कळलं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं. कापसावर वाकलेली आर्डिस, कापसाच्याच रंगाचं यंत्र, त्यावरून हलकेच पसरलेला ओपलचा थर, आणि तो कोपऱ्यातला फुगवटा.

गप्प राहणं सोपं होतं. कोणाला संशय नव्हता. डेलबर्टनेच आळ अंगावर घेतला होता. दोन-तीन दिवसांत बॅटरी संपली असती आणि गोधडी कायमची मुकी झाली असती. तीस थर, अख्खा हिवाळा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

हॉल म्हणाला, "घरी आलास, बरं झालं."

डेलबर्ट हसून मान डोलावत होता. ते हसू मी ओळखते, आर्डिस तर फारच चांगलं ओळखते. काही ऐकू आलेलं नसतं आणि ते कोणाला कळू नये असं वाटत असतं, तेव्हा माणूस तसं हसतो. पन्नासहून जास्त वर्षांनी ते वाक्य त्याच्यासाठी म्हटलं गेलं आणि त्याचे कान खिशात होते.

"थांबा," आर्डिस म्हणाली.

तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली. सँडविचकडे निघालेले लोक खाली बसले.

"हे परत म्हणावं लागेल. त्याला ऐकू आलेलं नाही. आणि शिट्टी त्याच्या कानाची नव्हती. माझं यंत्र या गोधडीत शिवलं गेलंय. मीच शिवलंय, सोमवारी."

 मग मागून लव्हर्न म्हणाला, "आणि मी त्यासाठी व्हॅक्यूमची पिशवी उपसली."

हॉल हसला. मार्लिस हसली नाही. ती आर्डिसच्या मोकळ्या कानाकडे बघत होती, आणि मला पोस्टातली दोन टिपणं शेजारी शेजारी ठेवलेली स्पष्ट दिसत होती.

आर्डिसने डेलबर्टच्या खिशातून त्याची यंत्रं काढून त्याच्या हातावर ठेवली, ती कानात जाईपर्यंत थांबली आणि त्याला सगळं पुन्हा सांगितलं. मग तिने कोलाच्यांची ताटं बाजूला सारायला लावली, गोधडी टेबलावर उलटी पसरली आणि तळहाताने काठ चाचपत निघाली. ओपलच्या सहीपाशी हात थांबला. दोन बोटं इकडे सुई गेली असती तर यंत्राचा भुगा झाला असता.

ते बाहेर काढायचं तर कडेची पट्टी चार बोटं उसवावी लागणार होती. आर्डिसच्या गळ्यात साखळीला उसवायचा काटा कायम असतो. तिने तो काढून मार्लिसपुढे धरला.

"पट्टी तुझी आहे. तू उसव. माझी टीप मी उसवते."

अशा त्या दोघी टेबलाच्या एका कोपऱ्यावर वाकल्या. एक काटा, दोघींच्या हातात आळीपाळीने. साठ माणसं बघत होती. रंगमंचावर असा खोळंबा झाला की विंगेतून कोणीतरी कुजबुजतं, काहीतरी बोल. मी तोंड उघडणार, इतक्यात डेलबर्ट बोलू लागला. आमच्याशी नव्हे. तो टेबलाशी उभा राहून त्या दोघींच्या हातांकडे बघत होता आणि कामावरच्या माणसाने कामावरच्या माणसाशी बोलावं तसं आर्डिसला सांगत होता.

"आमच्याकडे असं काहीबाही खिशांत निघायचं," तो म्हणाला. "गणवेशांच्या. नियम असा होता की गठ्ठा आला की तसाच पाण्यात टाकायचा. मी टाकत नसे. प्रत्येक खिसा बघायचो. घड्याळं, जपमाळा, एकदा एक बेडूक, जिवंत. पण बहुतेक पत्रं. पाण्यात गेलं की पत्राचा लगदा होतो."

"मग?" आर्डिसने मान वर न करता विचारलं.

"सुकवायचो. घामाने भिजलेली असायची. ड्रायरच्या वर दोरी बांधली होती मी. मग गठ्ठ्यावरचा नंबर बघून परत करायचो. जेवणाच्या सुट्टीत हिंडायचो त्यासाठी." तो टेबलाच्या आणखी जवळ सरकला. "सगळ्यांची परत करता आली नाहीत. काही नंबरांची माणसं मग तिथे नसायची. ती पत्रं मी त्यांच्या घरी टपालाने पाठवली. घरचा पत्ता पाकिटावर असायचाच."

मार्लिसचे हात थांबले. "किती?" तिने विचारलं.

"मोजली नाहीत."

 डेलबर्टची बायको पहिल्या रांगेत होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

आर्डिसने क्रोशाची सुई आत घालून यंत्र ओढून काढलं. कापसाचे धागे झटकले, स्कर्टला पुसलं, कानात घातलं, क्षणभर थांबली. "चालतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काय गं नटीबाई, झोपलीस? वाच पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून वाचलं. नाव, तुकडी, महिने. या वेळी त्या दोघींनी गोधडी पांघरली तेव्हा ती गप्प होती, आणि हॉल जे म्हणाला ते बंबांच्याही पलीकडे ऐकू गेलं असेल. डेलबर्ट हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि गोधडीचे दोन्ही काठ मुठींत धरले. "ऐकलं," तो म्हणाला.

आर्डिस त्याला म्हणाली की गोधडी घरी नेते, कोपरा मशीनवर नीट करून मंगळवारी देते. तो तयार होईना. "धुलाईला दिलेली वस्तू परत येतेच असं नाही," तो म्हणाला. "हे मला विचार." मग तिने तिथेच बसून तो कोपरा हाताने शिवला आणि मार्लिसने त्याच्यावर पट्टी शिवली. हातचे टाके मशीनच्या टिपेत लपत नाहीत. अजूनही तो कोपरा ओळखू येतो.

मार्लिस लवकर निघून गेली. घरी परतताना आर्डिस लव्हर्नच्या शेजारी पुढे बसली होती, मी मागे. मी म्हटलं, तू गप्प बसली असतीस तर कोणाला कळलं नसतं.

"मला कळलं असतं. आणि त्याला ऐकू आलं नसतं." मग म्हणाली, "जाऊ दे. बटणवालीला तीस थर चढवू दे. ओपलचा काठ आला की तिचं बटण काय करतं ते बघायला मात्र मी जाणार आहे."

रविवारी तिने मशीन पुसलं आणि तेल घातलं. सोमवारी खिडकीत दिवा लागला, पण गारा पडल्या नाहीत. रुळांवर चढवायला काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी मार्लिसची मोटार आर्डिसच्या दारात थांबली. मी चपला न बदलता रस्ता ओलांडला. मार्लिस गाडीतून पिशव्या काढत होती. तिने तीस थर जेवणघरातल्या खुर्चीवर, खिडकीत आणि जमिनीवर रचले. मग कोट न काढताच उभी राहिली.

"घडी मला सापडली होती," ती आर्डिसला म्हणाली. "ही चूक सापडली नसती. कधीच नसती. तू सांगितलंस म्हणून कळलं."

"कुत्र्याला सापडली होती," आर्डिस म्हणाली.

"हो. त्याची मी माफी मागितली आहे."

मग आर्डिसने स्वतःहून नवा नियम सांगितला. यापुढे कापूस पसरण्याआधी दोन्ही यंत्रं बशीत जातील आणि लव्हर्न येऊन मोजेल. लव्हर्न स्वयंपाकघरातून ओरडला, "दोन." तेव्हापासून तो रोज सकाळी हे करतो. सुपाबद्दल विचारायचं असेल तर मोजण्याआधी विचारतो.

मार्लिसने सगळ्यात वरची पिशवी उघडली. आत तिचा स्वतःचा थर होता. इतकी वर्षं ती फक्त पट्ट्या लावत आली होती, हा तिने पहिल्यांदाच जोडला होता. तारे टोकाला टोक जुळलेले, जसे पोस्टातल्या बाईचे असावेत. काठ मात्र लाटालाटांचा. तिने तो रुळांवर पसरला, एक लाट तळहाताने दाबून बघितली. दुसरीकडे दुसरी उठली.

"मशीनवर निघून जाईल ना?" तिने विचारलं.

आर्डिसने चष्मा लावला. काठावरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. गळ्यातला काटा काढला आणि मार्लिसच्या हातात दिला.

"नाही," ती म्हणाली. "तुला डोळे आहेत. तिथे खिडकीशी बस आणि उसव."

मार्लिसने कोट काढला आणि खिडकीशी बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी कॉफी ओतली, कारण काठ चांगला सात-सात फुटांचा होता, चारही बाजूंनी. तोवर आर्डिसने दुसरा थर रुळांवर चढवला होता.